एअर शोच्या मैदानातले पोहे

“चटई इथंच टाक,” आई म्हणाली.

“इथं नको गं. पुढं टाकू, पाण्याच्या टँकरपाशी. तिथून सगळं छान दिसतं.”

“आकाशातली विमानं पाहायला आलो नं आपण? आकाश काय टँकरपाशी जास्त आहे? टाक इथं, या निंबाखाली. सावली आहे.”

आमच्या घरात आईचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. मी चटई टाकली खरी, पण मनाविरुद्ध. टँकरपाशी बसायचं हे मी आठवडाभर आधी ठरवून ठेवलं होतं, आणि ते काही विमानांसाठी नव्हतं.

नागपूरच्या वायुसेनानगरात त्या रविवारी एअर शो होता. हिवाळ्यातली कोवळी सकाळ होती आणि अर्धं शहर मैदानावर लोटलं होतं. लोकांनी सतरंज्या आणल्या होत्या, संत्र्यांच्या पिशव्या आणल्या होत्या, एका कुटुंबानं तर आजोबांसाठी घरून आरामखुर्ची उचलून आणली होती. सगळे माना वर करून बसले होते. मी मात्र मान वळवून वळवून टँकरकडं पाहत होते. आईला विमानं दाखवायला आणलं हे खरं, पण त्याहून खरं म्हणजे मी आईला एक माणूस दाखवायला आणलं होतं.

बाबांना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. मला पुण्यात नोकरी लागली होती आणि पुढच्या महिन्यात निघायचं होतं. आई महापालिकेच्या वाचनालयात काम करायची. दिवसभर पुस्तकं आणि माणसं असायची, पण संध्याकाळी घरी आम्ही दोघीच. मी गेल्यावर ही बाई कुकरला एक वाटी भात लावणार आणि टीव्हीशी बोलत जेवणार, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. एकदा धीर करून म्हटलंही होतं, “आई, तू लग्न कर नं परत.” त्यावर तिनं गॅस बारीक केला आणि म्हणाली, “वरणाला फोडणी द्यायची आहे, जरा बाजूला हो.” विषय संपला.

मग मी तिला न विचारता कामाला लागले. माझ्या नागपूरच्या ऑफिसातल्या सुहासिनीताई पांढरीपांडे यांचे थोरले भाऊ श्रीराम. बँकेतून निवृत्त, विधुर, स्वतःचा फ्लॅट, व्यसन नाही, रक्तदाब नाही. सुहासिनीताईंनी हे सगळं मला डब्याच्या सुट्टीत एका दमात ऐकवलं. आम्ही दोघींनी बेत रचला. आईलाही सांगायचं नाही आणि श्रीरामदादांनाही नाही. टँकरपाशी सहज गाठ पडायची, गप्पा व्हायच्या, पुढचं पुढं. लेकीनं आईसाठी स्थळ बघायचं म्हणजे उलटी गंगाच, पण आमच्यासारख्या दोघींच्या घरात गंगा कुठून वाहते हे कोण बघायला येतंय?

आणि आता घोडं निंबाखाली पेंड खात होतं. सुहासिनीताईंना फोन करावा तर एवढ्या गर्दीत फोनला रेंजच नव्हती.

निंबाखाली आमच्या आधी एक गृहस्थ बसले होते. पंचावन्न-छप्पन्नचे असतील. पांढरा शर्ट, त्याला कडक इस्त्री, गळ्यात दुर्बीण आणि मांडीवर स्टीलचा डबा. आम्हाला पाहून ते चटकन उठून उभे राहिले. एअर शोच्या मैदानात शेजारी बसायला आलेल्यांसाठी कुणी उभं राहत नाही, पण जुन्या वळणाची माणसं असतात अशी.

“बसा, बसा. जागा आहे पुष्कळ,” ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःची सतरंजी ओढून घेतली.

आई बसली. मैदानात मातीत बसायचं आहे, साधा ड्रेस घाल, असं मी सकाळी सांगितलं होतं. तरी ती मोतिया रंगाची, हिरव्या काठाची साडी नेसून आली होती. मी हरकत घेतली नाही, कारण माझ्या बेताला ती साडी चांगलीच होती. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला.

“स्क्रू परत ढिला झाला का?” मी विचारलं. त्या वर्षी आईच्या चष्म्याला काय साडेसाती लागली होती कोण जाणे. दर पंधरवड्याला स्क्रू तरी ढिला व्हायचा, नाही तर काडी वाकायची. मग ती वाचनालयातून सुटल्यावर परस्पर दुरुस्त करून उशिरा घरी यायची.

“नाही नं, आज नाही झाला,” आई म्हणाली. शेजारचे गृहस्थ दुर्बिणीचा पट्टा उगाच सरळ करत बसले.

तेवढ्यात मागून असा आवाज आला की मैदानातली सगळी पोरं एकदम कानांवर हात ठेवून किंचाळली. आई गर्रकन मागं वळली. मागं काहीच नव्हतं, नुसतं निळं आकाश. ती पुढं वळेपर्यंत लोक टाळ्या वाजवत होते आणि विमान पार क्षितिजाशी ठिपका झालं होतं.

“गेलं नं बाप्पा. मला तर दिसलंच नाही,” आई म्हणाली.

दुसऱ्या विमानालाही तेच झालं. आवाज आला, आई मागं वळली, विमान पुढून निघून गेलं.

“आवाजाकडं नका पाहू,” गृहस्थ हळूच म्हणाले. “आवाज मागं राहतो. विमान केव्हाच पुढं गेलेलं असतं. आवाज जिथून येऊन राहिला नं, त्याच्या पुढं पाहा.”

तिसऱ्या खेपेला आईनं मान मागं वळू दिली नाही. मोठ्या निग्रहानं समोर पाहत राहिली, आणि ते करड्या रंगाचं विमान आमच्या डोक्यावरून असं सरळ उभं आकाशात घुसलं की तिचं तोंड उघडंच राहिलं. मग ती हसली, पोटातून, खळखळून. बाबा गेल्यावर ती हसतच नव्हती असं नाही, पण ते सगळं ओठांतल्या ओठांत. हे हसू मी विसरून गेले होते.

मला वाटलं, हेच हसू पांढरीपांड्यांसमोर आलं असतं तर किती बरं झालं असतं. हे बिचारं इथं परक्या माणसापुढं वाया गेलं.

“तुम्ही काही खाल्लं नसेल,” गृहस्थांनी डबा उघडला. डब्यात पोहे होते. वर कोथिंबीर, खोबरं, कडेला लिंबाची फोड. त्यांनी कागदाच्या द्रोणात वाढून द्रोण दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला. हात थोडा थरथरत होता. मला वाटलं, वय झालं.

“घ्या नं. मीच केले आहेत. मीठ बरोबर आहे का बघा.”

“छान आहेत,” मी म्हटलं. घास तोंडात होता, डोळे टँकरकडं होते. चव कुणाला कळतेय?

“कांदा जरा जास्त शिजला असंल,” ते म्हणाले.

“नाही, नाही. मस्त.”

मग त्यांनी मला विचारायला सुरुवात केली. शिक्षण कुठं झालं, नोकरी काय, पुण्यात राहायची सोय झाली का, वाचायला आवडतं का. एकेक प्रश्न असा जपून विचारायचे, जणू मी चिडून उठून जाईन. आई खाली मान घालून संत्रं सोलत होती आणि एकेका फोडीचे धागे काढत बसली होती, एरवी आम्ही संत्री धाग्यांसकट खातो. मग तिनं पिशवीतून थर्मास काढला आणि त्यांना कपभर चहा दिला.

“साखर नाही त्यात,” ती म्हणाली.

“चालते,” ते म्हणाले. आम्ही दोघी बिनसाखरेचा चहा पीत नाही. पण मला तेव्हा चहाचं काय पडलं होतं? टँकरपाशी सुहासिनीताईंची जांभळी शाल दिसली होती.

मी पळत गेले आणि दोघा भावाबहिणींना घेऊन निंबाखाली आले. “आई, ओळख करून देते. या आमच्या ऑफिसातल्या सुहासिनीताई, आणि हे त्यांचे भाऊ. किती योगायोग बघ.”

पांढरीपांडे उंच होते, गोरे होते, डोक्यावर गोल टोपी होती आणि दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते.

“नमस्कार,” आई म्हणाली.

त्यांनी एका कानातला बोळा काढला. “हो, हो, नमस्कार. फार आवाज आहे हो इथं.” आणि बोळा परत घातला.

माणूस वाईट नव्हता. आईला ऊन लागतंय असं वाटून त्यांनी आपली छत्री तिच्यावर धरली. फक्त निंबाखाली ऊन नव्हतंच, आणि छत्रीमुळं आईला आकाश दिसेना. तेवढ्यात चार हेलिकॉप्टरं एका ओळीत आली आणि मोरासारखी डुलायला लागली. आई छत्रीच्या डाव्या बाजूनं डोकावायची, मग उजव्या बाजूनं. शेजारचे गृहस्थ सरकून सरकून पार सतरंजीच्या काठावर गेले होते आणि तिला दुर्बीण देत होते.

हे काही बरं चाललेलं नव्हतं. ते गृहस्थ तिथून हलल्याशिवाय माझी गाडी पुढं सरकणार नव्हती.

“काका, मला जरा मदत कराल का? सगळ्यांसाठी गरम चहा आणू या,” मी म्हटलं. ते लगेच उठले, इतक्या आनंदानं उठले की मला थोडं वाईट वाटलं.

चहाच्या गाडीपुढं ही लांब रांग होती. चहावाल्या बाईला त्यांनी “ताई, पाच कट चहा” म्हणून सांगितलं आणि आम्ही उभे राहिलो.

“तुम्ही पुण्याला गेल्यावर आई एकट्याच नं?” त्यांनी विचारलं.

“तीच तर काळजी आहे, काका.”

“त्यांना राहता येईल एकटं. धीराच्या आहेत.” ते रांगेत एक पाऊल पुढं सरकले. “पण येतं म्हणून राहावंच, असं काही नाही.”

माझ्या मनातलं कुणीतरी पहिल्यांदाच बोलत होतं, आणि तेही एक अनोळखी माणूस. माझं तोंड सुटलं. मी त्यांना सगळं सांगितलं. कुकरमधला एक वाटी भात सांगितला, वरणाची फोडणी सांगितली, आणि सुहासिनीताईंबरोबर रचलेला बेतही सांगून टाकला.

“ते टोपीवाले आहेत नं, त्यांच्याशी आईचं जुळावं अशी माझी फार इच्छा आहे. म्हणून एक विनंती करते. रागावू नका, पण तुम्ही जरा थोडं पलीकडं जाऊन बसाल का? तुम्ही असलात की आई तुमच्याशीच बोलते.”

त्यांच्या हातात नुकताच आलेला कप कलंडला. चहा इस्त्रीच्या शर्टावर सांडला. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि बराच वेळ तो डाग पुसत राहिले.

“आईंना हे माहीत आहे?”

“नाही नं.”

“हं.” त्यांनी रुमालाची घडी घातली. “माणूस चांगला दिसतो. छत्री धरली त्यानं. तुमची इच्छा आहे तर बसतो पलीकडं. तुमची इच्छा महत्त्वाची आहे यात.”

किती समंजस माणूस, मला वाटलं. मी त्यांना दुसरा चहा घेऊन दिला आणि बाकीचे कप घेऊन आम्ही परतलो.

त्यांनी खरंच शब्द पाळला. आईकडं न पाहता त्यांनी सतरंजी झटकली, घडी घातली, खांद्यावर टाकली आणि ते पन्नास पावलांवर मोकळ्या उन्हात जाऊन बसले. पोह्याचा डबा मात्र आमच्या चटईवरच राहिला.

“ते का बरं गेले?” आईनं मला विचारलं.

“त्यांना तिकडून नीट दिसतं म्हणे,” मी म्हटलं.

आईनं डब्याचं झाकण लावलं. त्याच वेळी लाल-पांढऱ्या विमानांचा ताफा आला. नऊ विमानं, अशी जवळजवळ की एखाद्यानं हात बाहेर काढला तर दुसऱ्याला लागावा. ती एकदम फुटली, दोन विमानं वर चढली आणि धुराची रेघ सोडत एकमेकांपासून लांब वळली. रेघा खाली येऊन एकमेकींना भेटल्या आणि आकाशात एक भलामोठा बदाम तयार झाला. कॉलेजच्या पोरांनी शिट्ट्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. हजारो माणसं वर पाहत होती. पांढरीपांडे डोळे मिटून कान दाबून बसले होते, आणि मी त्यांच्याकडं पाहत होते, म्हणून मला दिसलं की आईही वर पाहत नव्हती. ती उन्हात बसलेल्या त्या माणसाकडं पाहत होती. तो माणूसही वर पाहत नव्हता. तो शर्टावरचा डाग पुसत होता.

आई उठली. तिनं डबा उचलला, पिशवी खांद्याला लावली आणि मला म्हणाली, “उठ, चटई घे.”

“अगं पण कुठं?”

“तिकडं. त्यांना तिकडून नीट दिसतं म्हणे नं? मग आपणही तिकडंच बसू.”

“आई, इथं सावली आहे...”

“असू दे.” मग तिनं जोरात हाक मारली, वाचनालयात तीस वर्षं हळू बोललेल्या बाईनं. “अहो बोरकुटे, डबा विसरले तुम्ही!”

चटई माझ्या हातात अर्धी गुंडाळलेली होती, ती तशीच राहिली. मी सकाळपासूनचं सगळं आठवून पाहिलं. अनोळखी बाईला हाक मारायला त्या माणसाला अडचण नव्हती. चहावालीला तर ‘ताई’ म्हणाले. माझ्या आईला मात्र काहीच म्हणाले नव्हते, ताई नाही, मॅडम नाही. आणि नाव तर त्यांनी आम्हाला सांगितलंच नव्हतं.

माझ्याआधी सुहासिनीताईंना उमगलं. त्यांनी भावाचा हात धरून त्याला उठवलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “मृदुला, आधी सांगायचं तरी नं गं.”

“काय सांगायचं?”

“जाऊ दे,” त्या म्हणाल्या. पांढरीपांड्यांनी टोपी उचलून आईला नमस्कार केला, कानातले बोळे नीट बसवले आणि मोठ्या समाधानानं घराची वाट धरली. आईच्या दृष्टीनं सुंठीवाचून खोकला गेला.

मी चटई ओढत उन्हात पोचले तेव्हा आई त्यांच्या शेजारी बसली होती. दोघांत दुर्बीण होती. दोघंही माझ्याकडं पाहत होते, आणि शपथेवर सांगते, मी इतकी घाबरलेली दोन माणसं पुन्हा पाहिली नाहीत. वरून विमानं जीव मुठीत धरायला लावणारी कोलांटी घेत होती, पण त्या दोघांचं लक्ष माझ्या चेहऱ्यावर होतं.

“काका,” मी म्हटलं. दिवसभरात त्यांच्याबद्दल मी विचारलेला तो पहिला प्रश्न होता. “तुम्ही काय करता?”

त्यांनी आईकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “माझं दुकान आहे. धरमपेठेत.” घसा साफ केला. “चष्म्याचं.”

मी आईच्या नाकावरच्या चष्म्याकडं पाहिलं. दर पंधरवड्याला ढिला होणाऱ्या त्या स्क्रूकडं पाहिलं. आईनं चष्मा काढला आणि पदरानं पुसायला लागली. तो आधीच लख्ख होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी टँकरपासून चहाच्या गाडीपर्यंत घालून आले होते. मला रडू येईल असं वाटलं, पण आलं ते हसू. मी हसायला लागले ते मला थांबवताच येईना. पोट धरून त्या मातीत बसले. आधी आई हसली, मग बोरकुटेकाका, आणि आमच्याभोवतीची माणसं आकाशात असं काय विनोदी झालं म्हणून वर शोधायला लागली.

शो संपल्यावर काकांनी फाटकापर्यंत आमची चटई उचलून आणली. निरोप घेताना त्यांनी चटई माझ्या हातात दिली, परत घेतली, परत दिली. शेवटी “सावकाश जाजो बेटा” एवढंच म्हणाले आणि मागं वळून वळून पाहत गेले.

मी स्कूटी सुरू केली. आई मागं बसली. मैदानाची गर्दी मागं पडली.

“तू मला सांगितलं का नाहीस?” मी विचारलं.

“आज दाखवणारच होती नं. म्हटलं आधी तू त्यांना पाहून घे, तुला माणूस म्हणून कसे वाटतात ते कळू दे. तुला पसंत नसते तर मी पुढं काही बोललीच नसती. ते सकाळी चार वाजल्यापासून उठून पोहे करून राहिले होते. दोनदा बिघडले म्हणे.” आईनं पिशवी मांडीवर घेतली. “पण तू तर दिवसभर आवाजाकडंच पाहून राहिली.”

सिग्नल लागला. मी गाडी थांबवली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. थरथरणारा हात, दोन्ही हातांनी पुढं केलेला द्रोण, मीठ बरोबर आहे का, कांदा जास्त शिजला का. आपल्याकडं हजारो पोरींनी अनोळखी लोकांपुढं पोह्यांची बशी धरली असेल. तो छप्पन्न वर्षांचा माणूस माझ्यापुढं ती धरून उभा होता, आणि मी त्याला पलीकडं जाऊन बसायला सांगितलं होतं. आणि तो गेलाही होता.

“मृदू,” आई मागून अगदी हळू म्हणाली. “पोहे कसे होते?”

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या, तरी मी हलले नाही. हा प्रश्न सकाळी मला एकदा विचारला गेला होता आणि मी चव न घेताच उत्तर दिलं होतं.

“मीठ कमी होतं,” मी म्हटलं.

माझ्या खांद्यावरचा आईचा हात घट्ट झाला.

“पुढच्या वेळी घरी येऊन करायला सांग त्यांना,” मी म्हटलं. “मी समोर उभी राहून मीठ घालीन. आणि मुलाकडच्यांना कळव, पसंत आहे म्हणून.”

आईनं माझ्या पाठीवर डोकं टेकलं. ती हसत होती, सकाळचंच ते पोटातलं हसू, आणि तिचा चष्मा माझ्या पाठीला टोचत होता. मी गाडी पुढं घेतली.